फांदी कोणाची

गिरीपुष्पाला फूल येतं ते जुन्या फांदीला. पाऊस सरता सरता जी फांदी कोयत्याखाली गेली तिला नवे फुटवे येतात, पाला भरघोस येतो, पण त्या वर्षी फूल धरत नाही. न तोडलेल्या काठ्या मात्र पौषात पानं गाळतात आणि माघात त्यांच्यावर फिकट गुलाबी घोस लागतात. सकाळी नऊ-दहाला त्या कुंपणाखाली उभं राहिलं की डोक्यावर नुसती गुणगुण. ज्या घरात शेळ्या आणि मधमाश्या दोन्ही आहेत, तिथे भांडायला एवढं एक झाड पुरतं.

आमच्याकडे शेळ्या सासूबाईंच्या आणि पेट्या माझ्या. हापूसची कलमं आणि काजू हे बघतात. राजापूर तालुक्यातलं घर. पुढे माडाचं आगर, मागे परडं, त्याला गडगा आणि गडग्यापलीकडे सडा. जोडधंद्याच्या प्रशिक्षणात शेळीपालन आणि मधमाशीपालन ही दोन नावं बहुधा एकाच कागदावर येतात. शेळीला जागा थोडी लागते, माशीला तर लागतच नाही, दोन्ही बायकांना घर सांभाळून जमतं, असं सगळं त्यात असतं. दोघींचा डोळा एकाच झाडावर असतो, हे काही कोणी सांगत नाही.

आणि डोळा पडतो तोही एकाच वेळी. आई ज्येष्ठात बोकड सोडतात. शेळीचे दिवस पाच महिन्यांचे, म्हणजे कार्तिकाच्या आसपास गोठ्यात करडं येतात. आषाढात झालेलं करडू आमच्याकडच्या ओलीत तगवणं कठीण. छातीत कफ भरतो, नाहीतर हगवण लागते, आणि खाली कितीही सुकं घातलं तरी कोकणातल्या पावसाळ्यात सुकं म्हणजे किती सुकं? तेव्हा कार्तिकच बरा. आता पेटीकडे बघा. पावसाचे चार महिने सातेरी माश्या जेमतेम तग धरून असतात. नवरात्राच्या सुमारास ऊन पडलं की राणी पुन्हा जोरात अंडी घालू लागते आणि दिवाळीपर्यंत चौकटी पिल्लांनी भरतात. या पिल्लांना परागकण हवा, मकरंद हवा, आणि तो किंजळीवर असतो. त्याच दिवसांत ओल्या बाळंतिणींना पाला हवा, आणि हाताच्या टप्प्यातला पाला असतो तोही किंजळीलाच.

"ती डहाळी कोणासाठी राखलीस गो?"

"माश्यांसाठी, आई."

"माशी काय पाला खाते?"

हा संवाद आमच्या घरी दर दिवाळीला फराळासारखा होतो.

आईंच्या शेळ्या अर्ध्या गावठी, अर्ध्या कोकण कन्याळ. कन्याळ मूळची सिंधुदुर्गातली. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तिच्यावर काम केलं आणि कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे आता स्वतंत्र जात म्हणून तिची नोंद आहे. काळं तोंड, त्यावर नाकापासून कानापर्यंत दोन्ही अंगांनी पांढरे पट्टे, लांब पाय. पावसाला मुंबईच्या माणसापेक्षा कमी कुरकुरते. जुळी होतात, आणि खरी परीक्षा जुळ्यांतच असते, कारण दुसरं करडू बहुतेक वेळा लहान निघतं.

शेळी अडली नाही तर आई मध्ये पडत नाहीत. करडू खाली आलं की नाकातोंडातला चिकटा बोटाने काढतात आणि ते शेळीच्या पुढ्यात सरकवतात. चाटायचं काम तिचं. नाळ कापून आयोडिनच्या टिंक्चरमध्ये बुडवायची. मग सड हातात घेऊन पहिल्या दोन धारा जमिनीवर सोडायच्या, म्हणजे सडाच्या तोंडाशी बसलेला चिकट बूच निघून जातो. नवख्या माणसाला ही नासाडी वाटते, पण तो बूच ओढून काढायची ताकद लहान करडाच्या जबड्यात नसते. ते नुसतंच चोखत राहतं, दमतं आणि पडून राहतं. चीक पोटात जायचा तो पहिल्या तासाभरात. शेळीच्या पोटात असताना तिच्या रक्तातली रोगाशी लढायची शक्ती करडाला मिळत नाही. ती सगळी चिकातून यायची असते, आणि करडाच्या आतड्याचं ते दार दिवसभरात बंद होतं. उद्या सावकाश पाजू, असं करून चालत नाही. वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक पहिल्या दिवशी, म्हणजे दोन किलोच्या करडाला दोनशे मिलिलिटर, असं पशुवैद्यक सांगतात. आई मोजत नाहीत. लहान करडाला सडाला लावून त्या त्याच्या मागच्या बाजूला बघत बसतात. नुसतं चोखणं चाललं असेल तर शेपूट लोंबतं. दूध उतरू लागलं की ते एवढंसं शेपूट थरथर हलायला लागतं. ते हललं की आई उठतात आणि चुलीकडे जातात.

माझ्या कामात असा स्पर्श नाही. तुम्ही कितीही पेट्या उघडा, सातेरी तुम्हाला ओळखत नाही. पेटी उघडायची ती शेळ्या सड्यावर गेल्यावर, ऊन वर आल्यावर, म्हणजे निम्म्या माश्या बाहेर असतात. गोठ्यातल्या कपड्यांवर तर कधीच नाही. बोकडाचा वास अंगाला असला की पेटीचा सूरच बदलतो. चौकट हळूच उचलून पाठीवर ऊन घ्यायचं, म्हणजे घराच्या तळापर्यंत उजेड जातो. तिथे तांदळाच्या कणीहून बारीक पांढरं अंडं दिसतं. उभं असेल तर आजचं, कललं असेल तर कालचं, आडवं पडलं असेल तर परवाचं. उभी अंडी दिसली की राणी शोधत बसायचं कारण नाही. ती आहे आणि कामावर आहे. चौकट परत ठेवायची, झाकण लावायचं. शिकाऊ माणूस राणी बघायच्या हौसेने पेटी उघडीच ठेवतो.

ही बघण्याची सोय चौकटीमुळे झाली. अमेरिकेत लँगस्ट्रॉथने १८५१ मध्ये ओळखलं की पोळ्यांमध्ये ठराविक फट राखली तर माश्या ती बुजवत नाहीत. आपल्या बारीक माशीला बेताची पेटी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिणेत त्रिचनापल्लीकडे फादर न्यूटन यांनी बसवली. त्याआधी मध म्हणजे पोळं कापून पिळायचं, पिल्लांसकट. पुण्याला १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरला मध संचालनालय आहे, आणि तिथलंच मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव झालं. पण घाटमाथ्याचं फुलोऱ्याचं कोष्टक खाली कोकणात जसंच्या तसं लागू पडत नाही. त्यांच्याकडे जांभूळ आहे, हिरडा आहे, आणि आठ वर्षांनी एकदा कारवी फुलली की चंगळ. आमच्याकडे बारमाही भरवशाचा एक माडच. महिन्याकाठी त्याला एक पोय फुटते, आणि शेळीचं तोंड तिथवर पोचत नाही, ही त्याची आणखी एक थोरवी.

पावसात मात्र पोयीतला पराग भिजून वाया जातो. सड्यावर भाद्रपदात तेरडा, सोनकी, सीतेची आसवं असा रंगांचा बाजार भरतो, लोक लांबून फोटो काढायला येतात, पण सतत पाऊस लागला की माशी दारातूनच मागे फिरते. सातेरीचा स्वभाव असा की घरात चणचण झाली की ती मरत बसत नाही, उठून जाते. जायच्या आधी खुणा दिसतात. राणी अंडी घालायची थांबते, पिल्लं कमी होत जातात, मधाचे कोपरे रिकामे होतात. त्याआधी साखरेचा पाक द्यायला लागतो, आणि तो तिन्हीसांजेला. दिवसा दिला तर शेजारची पेटी वासावर लुटायला येते. पाक देऊनही सारखं झाकण उघडून बघायचं नाही. जमवलेली ऊब जाते, आणि रिकाम्या पोळ्यात मेणपतंगाची जाळी धरते. आई त्याच पावसात गोठ्यात तासातासाला डोकावतात. खूर कुजलाय का, कोण खोकतंय, पाला भिजलेला तर नाही टांगला. त्यांचं काम बघण्यात आणि माझं न बघण्यात, म्हणून त्यांना मी आळशी वाटते.

वादाचा निकाल हळूहळू झाडागणिक लागत गेला आहे. फणस पूर्ण शेळ्यांचा. फणसाच्या पाल्यासाठी शेळी दावं तोडेल, आणि मधमाशी त्याला फारशी विचारत नाही. सुबाभूळही त्यांचीच. ऐनाचा पाला पूर्वीसारखा राबासाठी कवळ म्हणून सगळा ओरबाडला जात नाही, कारण नाचणीच कमी झाली. त्यामुळे वरचा शेंडा माझा, खालचा घेर त्यांचा. किंजळीचं अवघड आहे. तिथे एकाआड एक झाड असा तह आहे आणि तो दोन्ही बाजूंनी मोडला जातो. करवंदीच्या जाळीत करडं स्वतःच घुसतात. त्यांच्याशी तह कोण करणार?

पेट्या गडग्याच्या पलीकडच्या अंगाला, दारं पूर्वेला. महिन्याभराचं करडू उंच दिसेल त्यावर चढतं, आणि पेटीचं झाकण त्याच्या दृष्टीने चढण्यासाठीच केलेलं असतं. उलट बाजूने माश्याही गोठ्यात येतात. चैत्र-वैशाखात शेळ्यांच्या मुताने ओल्या झालेल्या मातीवर त्या रांगेने बसलेल्या दिसतात, क्षार शोषून घ्यायला. शेळ्यांच्या पाण्याच्या डोणीत त्या बुडतात म्हणून मी तीत नारळाची सोडणं तरंगत ठेवते. शेळ्या ती आधी चघळून बघतात.

एका बाबतीत मात्र आम्ही दोघी एका बाजूला आणि हे दुसऱ्या. तुडतुड्यांसाठी मोहोरावर फवारणी झाली की माशी मरते आणि कलमाखालचं गवत शेळ्यांना बंद होतं. युरोपीय संघाने इमिडाक्लोप्रिडसह तीन कीटकनाशकं मधमाश्यांसाठी २०१८ मध्ये उघड्या शेतातून हद्दपार केली. आमच्याकडे तुडतुडा मोहोर काळा करून टाकतो तेव्हा बागायतदाराला युरोप आठवत नाही, आणि मी त्याला दोष देत नाही. आदल्या दिवशी सांगायचं, फुलोरा ऐन भरात असताना टाळायचं, मारायचंच तर संध्याकाळी, एवढ्यावर आम्ही आलो आहोत. काजूच्या बाबतीत यांना समजवावं लागलं नाही. काजूचा पराग चिकट, वाऱ्याने उडत नाही, बी धरायची तर किडामुंगीनेच तो वाहायला हवा. यांनी पेट्या काजूच्या कडेला आपणहून नेऊन ठेवल्या.

पैशाचं म्हणाल तर आईंची बाजू भारी आहे. सातेरीची एक पेटी वर्षाला चार-पाच किलो मध देते, हंगाम बरा गेला तर थोडा जास्त. त्यातून गिऱ्हाईक विचारतं, थिजलाय म्हणजे साखर आहे ना? बोकड उभा केला की दारात पैसे मोजले जातात, आणि पोरांच्या फिया त्यावरच भरल्या गेल्या. "मधावर कोणाची फी भरलीस?" या प्रश्नाला माझ्याकडे काजूबीची वाढलेली पायली हे उत्तर आहे, पण ती यांच्या खात्यात जमा होते.

आता उत्तरेकडचं कुंपण नव्याने करायचं आहे. तिथे शेवगा लावावा असं मी सुचवलंय. छाटला की महिन्या-दीड महिन्यात पुन्हा पाला देतो आणि सोडून दिला की फुलतो, त्याचं फूल माश्यांना आवडतं. आईंना पसंत आहे. अडलंय ते एवढ्यावर, की शेवगा उंच वाढू द्यायचा की कमरेएवढा ठेवायचा. उंच वाढला तर फुलं माझी आणि शेंगा सगळ्यांच्या, कमरेएवढा ठेवला तर सगळाच शेळ्यांचा. रोपं पिशव्यांत तयार आहेत, खड्डे व्हायचेत.