आमच्या संगणकाचा ताप

दुपारच्या जेवणानंतर डुलकी घेणारी मंडळी आमच्या घरात पूर्वी दोनच होती. एक आम्ही आणि दुसरे आमचे नानाकाका. २०२२ च्या मार्च महिन्यापासून त्यांत तिसऱ्याची भर पडली. तो तिसरा म्हणजे आमचा टेबलावरचा संगणक. आमची डुलकी जांभई देऊन येते, काकांची हातातली पोथी खाली ठेवून येते. याची मात्र कसलीही पूर्वसूचना न देता येई. वाक्य अर्धे टंकून व्हावे, बोट पुढच्या अक्षराकडे वळावे, आणि पडदा एकाएकी काळा पडावा! ना काही संदेश, ना काही खूण. पंख्याची घरघरही थांबे, आणि खोलीत काकांचा आवाज तेवढा पुढे चालत राही. कारण आमचे यंत्र निजले आहे, हे त्यांना बिचाऱ्यांना दिसत नसे.

काका काय वाचत होते, हे सांगितल्याखेरीज आमच्या तळमळीचे कारण वाचकांस कळणार नाही. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली छावणी दिली आणि तिचे पुढे लष्कर शहर झाले. त्या छावणीच्या मागोमाग जी कारकून मंडळी दक्षिणेतून इकडे येत राहिली, त्यांतलेच आमचे घराणे. पराक्रमाचे कागद आमच्याकडे एकही नाहीत. आहेत ते घरखर्चाचे, लग्नमुंजींच्या याद्यांचे, उसनवारीचे. सात रुमालांत बांधलेले हे दफ्तर सारे मोडीत आहे, आणि आमच्या घरात मोडी वाचणारे आता एकटे नानाकाका उरले आहेत. त्यांचे वय त्या वेळी सत्याऐंशी. एका डोळ्याची दृष्टी गेलेली, दुसऱ्याला भिंगाचा आधार. तेव्हा त्यांनी वाचायचे आणि आम्ही बाळबोधीत संगणकावर उतरवून घ्यायचे, असा परिपाठ आम्ही आदल्या दिवाळीपासून ठेवला होता. काकांचा डोळा दिवसाकाठी तासभर काम देई. फार तर दीड तास. त्यातून वाचलेले एखादे पान यंत्राच्या डुलकीत नाहीसे झाले, म्हणजे तो दिवस गेला. गेलेले पान पुन्हा वाचा, असे त्यांना सांगताना आमची मान वर होत नसे.

एक यादी तर दोनदा गेली. कुणाच्या तरी मुंजीच्या खर्चाची, चांगली अकरा पानांची. पहिल्या वेळी सातव्या पानावर, दुसऱ्या वेळी नवव्या पानावर. लिहिलेले अधूनमधून साठवून ठेवावे, हे आम्हांला ठाऊक नव्हते असे नाही. पण देवपूजा सुटली तरी चालेल आणि ओघ तुटता कामा नये, अशी आमची लिहिण्याची खोड!

बाड्याच्या बाजूला संगणक दुरुस्त करणारे एक दुकान आहे. तिथला मुलगा मोठा अदबशीर. त्याने पेटी टेबलावर ठेवली, सुरू केली, दहा मिनिटे पाहिली आणि म्हणाला, "अंकल, सप्लाय गया इसका." आम्ही चौदाशे रुपये देऊन विजेच्या पुरवठ्याची नवी डबी बसवून आणली. चार दिवस बरे गेले, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. दुसऱ्या दुकानदाराने हा विषाणूंचा प्रताप आहे, असे निदान करून विंडोज पुसून नव्याने घातली. त्यात आमचा मराठी कळफलक गेला, चष्म्याला सोसतील अशी मोठी केलेली अक्षरे गेली; दुखणे मात्र गेले नाही. दोघांनीही पेटी उघडून आत डोकावून पाहिले होते, आणि पंखा फिरतो आहे असा निर्वाळा दिला होता. पंखा खरोखरच फिरत होता. त्याविषयी पुढे येईलच.

या साऱ्यात शहाणपणाचा पहिला शब्द निघाला तो संगणकाला कधी बोट न लावलेल्या माणसाकडून. नानाकाकांची सारी नोकरी इथल्या महालेखाकार कार्यालयात हिशेब तपासण्यात गेली. एका सकाळी भिंग पुसत ते म्हणाले, "अरे, बंद पडतो, बंद पडतो म्हणून ओरडतोस, कधी सुरू केला नि कधी बंद पडला, याची नोंद कुठे आहे?"

नोंद नव्हती. आम्ही शाळकरी पोरासारखे उभे राहिलो. त्याच दिवशी एक जुनी वही काढली, रकाने आखले आणि आठ दिवस इमानाने लिहीत गेलो. आठव्या दिवशी काकांनी ती वही मागून घेतली, भिंगाखाली धरली, आणि तीन ठिकाणी पेन्सिलीने टिंबे दिली. पहाटे साडेपाचला सुरू केलेला संगणक एक तास पन्नास मिनिटे चालला होता. भर दुपारी बाराला सुरू केलेला अठरा मिनिटांत निजला होता. आणि निजल्याबरोबर लगेच पुन्हा उठवला, तर चारच मिनिटे टिकला होता. "सप्लाय बिघडला असता, तर त्याला पहाट काय आणि दुपार काय?" काका म्हणाले. "आणि लगेच उठवल्यावर चारच मिनिटे का? त्याचा ताप उतरलेला नसतो, म्हणून."

इंदूरला अभियांत्रिकी शिकणाऱ्या आमच्या नातीला आम्ही त्या रात्री दूरध्वनीवरून ही वही वाचून दाखवली. ती हसली नाही, उलट म्हणाली, "आजोबा, हे कुणाला सुचलं?" मग तिने समजावून दिले ते असे. संगणकाच्या मेंदूला, म्हणजे प्रोसेसरला, आपला ताप मोजता येतो. तो शंभर अंश सेल्सियसच्या आसपास जाऊ लागला की प्रोसेसर प्रथम आपला वेग आवरतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर जळून जाण्यापूर्वी सारे यंत्रच बंद करतो. म्हणजे आम्ही ज्याला आळशी म्हणत होतो, तो स्वतःचा जीव वाचवत होता. दुसरे असे की त्याच्या डोक्यावरचा पंखा कितीही चांगला असला, तरी खोलीतल्या हवेहून थंड तो त्याला करू शकत नाही. खोली पंचवीस अंशांवरून चाळीसवर गेली, तर तेच काम करताना प्रोसेसरचा ताप सुमारे तितकाच, पंधरा अंशांनी, वर सरकतो. आणि तो मार्च कसा होता? हवामान खात्याच्या १९०१ पासूनच्या नोंदींत देशाचे सरासरी कमाल तापमान इतके चढलेला दुसरा मार्च नाही. हिवाळ्यात जे दुखणे आत दबून होते, ते त्या उन्हाने बाहेर काढले.

नातीच्या सांगण्यावरून आम्ही यंत्र सुरू होताना 'डिलीट'ची कळ दाबून धरली आणि बायोस नावाच्या निळ्या पाटीपर्यंत पोहोचलो. (ही कळ सर्व यंत्रांत एकच नसते, हे येथे सांगून ठेवतो.) तिथे प्रोसेसरचा ताप आकड्यात लिहिलेला असतो. ७१. आम्ही काही टंकत नव्हतो, नुसते पाहत होतो. पाच मिनिटांनी ८३. दहाव्या मिनिटाला ९५ झाला, तेव्हा आम्ही घाबरून बटण दाबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी विजेची पिन काढून, पेटी अंगणात नेऊन तिचे एका बाजूचे झाकण उघडले. शेजारी आमच्या सौभाग्यवती पदर खोचून उभ्या होत्या. या पेटीवर इतकी वर्षे त्यांनीच क्रोशाने विणलेले, कडेला कमळे असलेले आवरण असे. २०१२ मध्ये संगणक घरात आला तेव्हा तो कौतुकाचा पाहुणा होता. त्यासाठी दार असलेल्या खणाचे खास मेज करविले, त्या खणात त्याला बसविले, पाठ भिंतीला टेकवली, वर हे आवरण घातले, आणि धूळ जाऊ नये म्हणून दारही लावून घेत गेलो. रुमालात दफ्तर बांधावे, तसा आम्ही तो बांधून ठेवला होता. कागद बांधून ठेवल्यानेच टिकतो. याला मात्र समोरून गार हवा आत घ्यावी लागते आणि मागून तापलेली बाहेर टाकावी लागते, हे कुणाच्या मनात आले नाही. त्यात उन्हाळ्यात पाण्याचा कूलर त्याच खोलीत. कूलरची ओलसर हवा आणि ग्वाल्हेरची धूळ यांचे सख्य झाले, की धूळ उडत नाही, चिकटते.

प्रोसेसरच्या डोक्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा एक ठोकळा असतो आणि त्यावर पंखा. पंखा स्क्रू काढून बाजूला केला, तो खाली पाती दिसेनात. करड्या नमद्याचा अखंड तुकडा अंथरावा, तसा धुळीचा थर! पंखा फिरत होता तो या नमद्यावर. वारा खाली उतरतच नव्हता. दुकानदार खोटे बोलले नव्हते, त्यांनी फक्त पंखा पाहिला होता.

सौभाग्यवतींनी रंगाचा एक जुना मऊ ब्रश आणला आणि शेवया सोडवाव्यात तशी ती पाती एकेक करून मोकळी केली. शेजाऱ्यांकडून हवा मारण्याचा ब्लोअर मागून आणला होता. पंख्यावर हवा मारताना त्याला बोटाने धरून ठेवावे, असे नातीने बजावले होते. मोकळा सोडला तर तो भलत्याच वेगाने गरगरतो आणि त्याच्या आसाला इजा होते. हे सारे चालले असता सौभाग्यवती एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, हा तवा चुलीवर वाकडा बसलाय."

पाहतो तो खरेच! तो ठोकळा चार प्लास्टिकच्या खुंट्यांनी खालच्या पाटीत रोवलेला असतो. त्यांतली एक खुंटी सुटून वर आली होती, आणि ठोकळा एका कोपऱ्यात उचलला गेला होता. प्रोसेसरची उष्णता वर जावी तरी कशी? अलगद काढल्यावर दिसले की मध्ये जी राखाडी लेपाची जागा, तिथे वाळल्या चुन्यासारखी खपली उरली होती. दोन धातू आपल्या डोळ्यांना कितीही सपाट दिसोत, त्यांच्यामध्ये बारीक पोकळ्या राहतात, आणि त्यांतली हवा उष्णतेला वाट देत नाही. त्या पोकळ्या भरण्यासाठी तो लेप असतो. त्याला थर्मल पेस्ट म्हणतात. आम्ही अदबशीर मुलाच्या दुकानातूनच तिची नळी आणली. जुनी खपली आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या मऊ फडक्याने पुसली, आणि नवा लेप तुरीच्या दाण्याएवढा, मधोमध ठेवला. त्याहून अधिक घालण्याचा मोह होतो, तो आवरावा. मग समोरासमोरच्या खुंट्या जोडीने दाबल्या. चार वेळा 'टक्' असा आवाज झाला. नातीने तो मोजायला सांगितला होता.

त्याच खोलीत, साधारण तशाच उकाड्यात, बायोसच्या पाटीवर दहा मिनिटांनंतर आकडा होता ५४. आम्ही तो वहीत लिहून काकांना दाखवला. त्यांनी भिंग फिरवून आधीचा ९५ आणि आताचा ५४ दोन्ही पाहिले, आणि हिशेब तपासणाऱ्याच्या सवयीने खाली सही केली.

मेजाच्या खणाचे दार बिजागऱ्यांसकट काढून टाकले आहे, आणि पेटी भिंतीपासून वीतभर पुढे ओढली आहे. क्रोशाच्या आवरणाचा प्रश्न नाजूक होता. आम्ही त्याविषयी एक अक्षर बोललो नाही. दोन दिवसांनी ते बैठकीतल्या रेडिओवर गेलेले दिसले. हा रेडिओ कधीच लागत नाही, त्यामुळे तापतही नाही. लिहिलेले दर दोन मिनिटांनी आपोआप साठावे, अशी व्यवस्था नातीने सुट्टीत आल्यावर करून दिली. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाकडे निघाला, तेव्हा आम्ही बैठक पहाटे साडेपाचला नेली. यंत्रासाठी म्हणावे तर काकांच्या डोळ्यांनाही तीच वेळ मानवली.

मग ती अकरा पानांची यादी आम्ही तिसऱ्यांदा काढली. मोडीत ओळभर रेघ आधी ओढतात आणि अक्षरे तिला टांगत जातात. शब्द कुठे संपला, हे वाचणाऱ्याने ओळखायचे. आठव्या पानावर काका अडखळले. मागे त्यांनी तिथे 'काशीस दिले, रुपये अकरा' असे वाचले होते, आणि आम्ही दोघांनी ते काशीक्षेत्री पाठवलेले दान समजून पुढे गेलो होतो. या खेपेस ते पुढे गेले नाहीत. भिंग दोन ओळी खाली नेले, पुन्हा वर आणले. खाली 'काशीच्या लुगड्यास' असे होते.

"अरे, क्षेत्राला लुगडे कोण घेतो?" काका म्हणाले. "ही मुलगी आहे. मुंज्याची बहीण असेल."

आमच्या घराण्याची छापील वंशावळ भिंतीवर आहे. तिच्यात मुलींची नावे घालण्याची रीत नव्हती, म्हणून काशी तिथे कुठेच नाही. पहिल्या दोन वेळा यंत्र निजले नसते, तर अकरा रुपयांचे दान म्हणून ती आमच्या संगणकातही तशीच गेली असती. काकांनी पंखा थोडा कमी करायला सांगितला, कागद हलत होता. आम्ही 'काशी' टंकले, आणि आपोआप साठवण्याची वाट न पाहता स्वतःच कळ दाबून ते साठवले.

"हं, पुढे घे," काका म्हणाले. "तुपाचा भाव लिहिला आहे."