म्हातारी होडी आणि तिची शर्यत

जुन्या लाकडी डिंगीला समुद्र मारत नाही, पाऊस मारतो. परसात सुलटी ठेवलेली होडी, तिच्यावर ताडपत्री, ताडपत्रीला मधोमध पडलेली झोळ, झोळीत साचलेलं बादलीभर पाणी आणि एका बारीक भोकातून आत चाललेली ठिबक, एवढं साहित्य पुरतं. प्लायवूडच्या अंगावर व्हार्निशचं चिलखत असतं; पण कापलेली कड कुठे उघडी राहिली असेल, तर ती दिव्याच्या वातीसारखी पाणी ओढत राहते. आधी व्हार्निशखाली काळपट डाग उमटतो, मग व्हार्निश कांद्याच्या पापुद्र्यासारखं सुटतं, आणि एक दिवस पेचकसाच्या मुठीने ठोकलं की ‘टक्’ऐवजी ‘थप्’ असा बसका आवाज येतो. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला गोडं पाणी मानवतं, खारं तितकंसं नाही. म्हणून ‘आता तिचं वय झालं, शर्यतीत कशाला दमवायची’ असं म्हणून होडी झाकून ठेवणाऱ्याची माया खरी असली, तरी त्याचा हिशेब चुकलेला असतो. माझं म्हणणं उलटं आहे. जुनी कौटुंबिक होडी टिकवायची असेल, तर तिला शर्यतीत उतरवावं. जिंकेल म्हणून नव्हे. तिला काय होतंय ते शर्यतीतच कळतं म्हणून.

उदाहरणाला ब्रिटनची मिरर डिंगी घेऊ. लांबी ३.३ मीटर, पुढची नाळ टोकदार नसून चक्क सपाट कापलेली, आणि शिडं तांबडी. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राच्या पाठबळावर ती निघाली. किंमत ६३ पौंड ११ शिलिंग. त्यात तयार होडी मिळत नसे, कापलेल्या फळ्यांचा संच मिळत असे. फळ्यांच्या कडांना भोकं पाडायची, तांब्याच्या तारेने गोधडीसारखे टाके घालायचे, सांध्यांवर काचतंतूची पट्टी ठेवून राळ ओतायची. सुतारकाम न येणारा कारकूनही घरच्या गॅरेजमध्ये हे करू शके. अशा सत्तर हजारांहून जास्त होड्या झाल्या. टाक्यांची कल्पना बॅरी बकनेल यांची, तिला होडीचं अंग दिलं जॅक होल्ट यांनी. बकनेल म्हणजे ‘घरची कामं घरीच करा’ हे टीव्हीवरून शिकवणारा माणूस. जुन्या नक्षीदार दारांवर हार्डबोर्ड ठोकून ती सपाट, आधुनिक करायची, हा त्यांचा गाजलेला धडा. पुढच्या पिढीने कपाळाला हात लावत तो हार्डबोर्ड उखडून काढला. जुन्याची फारशी पत्रास न बाळगणाऱ्या याच गृहस्थाची होडी आज लोक जिवापाड जपतात, ही गंमत मला फार आवडते.

ती जपली गेली याचं श्रेय मी प्रेमाइतकंच नियमपुस्तकाला देईन. मिरर ही एका साच्याची होडी आहे. तळाचा आकार, शिडाचं क्षेत्रफळ, रिकाम्या होडीचं किमान वजन (४५.५ किलो), सगळं बांधून दिलेलं. नियम काळानुसार थोडे सैलावले, पण मूळ आकाराला हात लागला नाही. त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीची होडी आणि काल कारखान्यातून आलेली होडी एकाच रेषेवरून सुटू शकतात. आणि इथेच शर्यतीचा खरा उपयोग सुरू होतो. एकटीच फिरायला निघालेली होडी मंद झाली आहे हे कळणार कशाशी ताडून? वारा कमी आहे म्हणायचं आणि डबा उघडायचा. पण त्याच साच्याची दुसरी होडी दहा मिनिटं शेजारून, त्याच वाऱ्यात, त्याच दिशेला चालली आणि हळूहळू पुढे सरकली, की कारण शोधणं भाग पडतं. डोलकाठीला आधार देणारी तार सैल पडली असेल, शिडाचं कापड ताणून पोटात बोंगा आला असेल, पाण्यात उभी सरकवायची फळी तिच्या खाचेत खडखडत असेल, किंवा बाकाखालच्या हवाबंद कप्प्यात गुपचूप पाणी शिरलं असेल. शेजारची होडी ही अशी फुकटची तपासनीस आहे. शिवाय शर्यतीत यायचं तर त्या हवाबंद कप्प्यांची चाचणी द्यावी लागते. घरी ‘पुढच्या रविवारी बघू’ म्हणून टाळलेली गोष्ट तारखेने बांधली जाते.

कोणी म्हणेल, जुनी होडी मागेच राहणार, मग रोज हरायला कशाला जायचं? यातला एक भाग खरा आहे. मुरलेल्या पाण्याने लाकूड जड होतं, आणि मंद वाऱ्यात दर किलो जाणवतो. पण ४५ किलोच्या होडीत दोन माणसं बसली की माणसांचंच वजन होडीच्या दुप्पट-तिप्पट होतं. त्यांनी कुठे बसावं, कधी वळावं, यात जितका वेळ हरवतो तितका दोन किलो ओलाव्यात हरवत नाही. वेगवेगळ्या साच्यांच्या होड्या एकत्र धावतात तेव्हा ब्रिटनमध्ये पोर्ट्समथचे आकडे लावतात. लागलेल्या वेळेला हजाराने गुणून होडीच्या आकड्याने भागायचं. मिररचा आकडा साधारण १३९०, लेझर या दुसऱ्या साच्याच्या होडीचा ११००च्या आसपास. म्हणजे लेझरला तास लागला, तर मिररला सुमारे ७६ मिनिटांची मुभा. या आकड्यात जन्मसाल धरत नाहीत. वयाची सूट नाही, हे ऐकायला कठोर वाटतं. मला त्यात म्हातारीचा मान दिसतो. ‘कौटुंबिक’ होडी म्हणजे दुय्यम, ही समजूत तर मुंबईच्याच पाण्यात खोटी ठरली आहे. होल्ट यांचीच १९५६ची, निळ्या शिडांची एंटरप्राइझ होडी १९८२च्या आशियाई स्पर्धेत होती. शिडाच्या होड्यांच्या शर्यती तेव्हा मुंबईत झाल्या, आणि एंटरप्राइझचं सुवर्णपदक कराचीच्या बायराम आणि गोशपी आवारी या नवरा-बायकोने नेलं. होडीची रेखाकृती तेव्हा सव्वीस वर्षांची होती. तिच्यामागे उभं राहिलेलं ‘न्यूज क्रॉनिकल’ हे वृत्तपत्र तर १९६०मध्येच बंद पडलं होतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. शर्यतीत होडी मोडते, मग एकेक अवयव बदलत जातो. शिडं नवी, दोर नवे, सुकाणू नवं, तळाला ठिगळ. उरलं काय जुनं? साच्यातून निघालेली पहिलीच होडी असेल, तर ती संग्रहालयात कोरडी राहावी, हे मी मान्य करतो. बाकी हजारोंच्या बाबतीत मात्र हा प्रश्न कोकणातल्या कुठल्याही बंदरावर विचारून पाहावा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात, फळ्या बदलणं, रंग, तेलपाणी चाललेलं असतं, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला जातो तो गेल्या वर्षीच्याच होडीतून, तिच्यातली निम्मी लाकडं नवी असली तरी. तिथे होडी म्हणजे तिचा आकार, तिचं नाव आणि तिच्यावर पोट असलेली माणसं. हौशी डिंगीवर कुणाचं पोट नसतं, आणि तीच तिची अडचण आहे. दर साली तिला वर ओढायला, खरवडायला आणि पुन्हा पाण्यात लोटायला भाग पाडणारी गरज तिला नाही. ती गरज शर्यतीचं वेळापत्रक उसनी देतं. मोडण्याचं म्हणाल, तर तारेचे धागे सहसा टोकाशी, पकडीच्या तोंडाशी तुटू लागतात. कापसाचा बोळा तारेवरून फिरवला की तुटका धागा कापूस धरतो. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी हा बोळा फिरवला जातो. सहलीच्या आदल्या संध्याकाळी त्या हातांना सँडविच करायची असतात.

शर्यत संपल्यावर होडी उताराच्या धक्क्यावर ओढतात, गोड्या पाण्याने धुतात. पण धुण्याआधी करायचं एक छोटं काम आहे. हवाबंद कप्प्याचं बूच काढायचं, होडी एका कुशीवर कलती करायची आणि आतून काय येतं ते पाहायचं. बहुतेकदा काहीच येत नाही. कधी पेलाभर पाणी येतं. मग बोट बुडवून जिभेला लावायचं. खारट लागलं तर तळाचा सांधा शोधायचा. गोडं लागलं तर होडीला हात लावायचं कारण नाही; सुई-दोरा घेऊन ताडपत्री शिवायला बसायचं.