आधी पाच व्होल्ट बघ!

ऑफिसात काही बंद पडलं की तुमच्याकडे पहिला प्रश्न कोणता विचारतात? 'शेवटचा चेंज कोणी केला?' बरोबर ना? मग त्या बिचाऱ्याला मेलवर मेल, कॉलवर कॉल. आरोपी सापडला की मॅनेजर खूश, टीम खूश, सगळे चहाला मोकळे! आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या रक्तातच आहे हे. पण चाळिशी ओलांडलेल्या सर्किट बोर्डाला आपली ही ऑफिसची रीत ठाऊक नसते. तो त्याच्या मर्जीनं बिघडतो.

मी राहतो न्यूजर्सीत, एडिसनला. घराच्या बेसमेंटमध्ये एक पॅकमॅनचं मशीन आहे. नाणं टाकून खेळायचं, माणसाएवढं उंच, पिवळंधमक. तसं आमच्या पिढीचं खरं प्रेम म्हणजे 'मुस्तफा'! त्या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स', कंपनी कॅपकॉम, साल 1993. पण गल्लीतल्या पार्लरमध्ये हे नाव घेतलं कोणी? पॅकमॅन त्याच्याही आधीचा, 1980 चा. बनवला जपानच्या नामकोनं, अमेरिकेत आणला मिडवेनं. जुन्या मशीनच्या बाजारात त्याला आजही मान आहे.

आता एकच गेम किती दिवस खेळणार? म्हणून 2023 च्या नोव्हेंबरात मी एक मल्टिगेम किट मागवलं. काम सोपं. बोर्डावरचा झेड-80 प्रोसेसर काढायचा, त्याच्या सॉकेटमध्ये किट बसवायचं आणि तोच प्रोसेसर किटवर चढवायचा. किटच्या मेमरीत त्याच हार्डवेअरवर चालणारे डझनावारी गेम असतात. सुरू केलं की मेनू येतो, हवा तो निवडा.

ही आयडिया आजची नाही बरं का. सुप्रसिद्ध 'मिस पॅकमॅन' मुळात असंच एक किट होतं! एमआयटीचं शिक्षण अर्धवट सोडलेल्या पोरांच्या 'जनरल कॉम्प्युटर' या कंपनीनं पॅकमॅनच्या बोर्डावर बसवायला 'क्रेझी ऑटो' नावाचं किट बनवलं. ते मिडवेनं घेतलं, नायिकेला रिबीन लावली आणि 1982 मध्ये बाजारात आणलं. पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे.

माझ्याकडे मात्र इतिहास घडला नाही. किट बसवलं, स्विच दाबला आणि स्क्रीनभर नुसती अक्षरांची भेळ! क्षणभरानं सगळं काळं, पुन्हा भेळ, पुन्हा काळं. या बोर्डावर 'वॉचडॉग' नावाचं एक सर्किट असतं. प्रोसेसरनं वेळेवर हजेरी लावली नाही तर ते अख्खा बोर्ड रीसेट करतं. आमच्या एचआरपेक्षा कडक!

मित्राला फोन केला. तो म्हणाला, "किट परत कर यार. नाहीतर तो बोर्डच काढ आणि साठ गेमवाला नवा चायनीज बोर्ड टाक. अर्ध्या दिवसाचं काम." सल्ला व्यवहारी होता. मी विचार करत होतो.

त्या दिवसांत अण्णा आमच्याकडे आले होते. सांगलीला त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. फ्लॅट टीव्ही आले, 'बदलून टाका'चा जमाना आला आणि 2016 मध्ये शटर खाली झालं. त्यानंतर आई गेली. आम्ही आग्रहानं सहा महिन्यांसाठी इकडे आणलं, पण गाडी चालवता येत नाही, बाहेर थंडी, नातीचं इंग्लिश कळत नाही. तिसऱ्या आठवड्यातच ते मला म्हणाले होते, "मार्चचं तिकीट जानेवारीचं करून मिळतंय का बघ. इथं माझं काय काम आहे रे?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

फोनवरचं बोलणं ऐकून ते जिन्यावरून सावकाश खाली आले. बोर्डाकडे बघितलं. "पाच व्होल्ट बघितलास का?"

"अण्णा, किट बसवेपर्यंत चालत होतं."

"असू दे की. आधी पाच व्होल्ट बघ. मग किटचं बोलू."

त्यांनी आधी एक गोष्ट बजावली. मॉनिटरच्या मागं हात घालायचा नाही. पिक्चर ट्यूब मशीन बंद केल्यावरही हजारो व्होल्ट धरून बसू शकते. मग मीटर काढला. प्रोसेसरच्या अकराव्या पिनेवर पाच व्होल्ट, एकोणतिसाव्या पिनेवर ग्राउंड. आकडा आला 4.68. या काळच्या चिपांना 4.75 ते 5.25 च्या मधलं लागतं. त्याखाली गेलं की त्या काहीबाही बोलायला लागतात.

मग किट काढून जुना प्रोसेसर परत मूळ जागी बसवला. पॅकमॅन सुरू झाला. मी खूश होणार एवढ्यात अण्णा म्हणाले, "बंद करू नको. तापू दे." दहाव्या मिनिटाला तीच भेळ! म्हणजे दुखणं जुनं होतं. किटनं थोडा जास्त करंट मागितला आणि ते उघड्यावर आलं, एवढंच.

चोर सापडला कनेक्टरमध्ये. या बोर्डाला ट्रान्सफॉर्मरकडून साधारण सात व्होल्ट एसी येतो आणि पाच व्होल्ट डीसी बोर्डावरच तयार होतो. त्यामुळे सगळा करंट कडेच्या 44 पिनांच्या कनेक्टरमधल्या मोजक्या पिनांतून जातो. त्या पिना वर्षानुवर्षं तापून काळ्या पडल्या होत्या. नवा कनेक्टर मागवला. बोर्डाची कड खोडरबरानं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं साफ केली. मीटर म्हणाला, 5.02. जुना प्रोसेसर आता तासन् तास चालला.

पण किट बसवलं की मेनू यायचा आणि पाच मिनिटांत अडकायचा. अण्णांनी लाकडी पेन्सिलीच्या मागच्या टोकानं किट हळूच दाबलं. गेम पुढे सरकला. सोडलं, अडकला. "सॉकेट सैल झालंय. चाळीस वर्षं एकच चिप धरून बसलेलं, आता वेगळ्या पिना कशा धरणार?"

आता खरी परीक्षा. चाळीस पिनांचं सॉकेट काढायचं, तेही बोर्डाची कॉपरची रेघ न उचकटता. अण्णांच्या हाताला आता कंप आहे, नजरही अधू झालीय. त्यांनी सोल्डरिंग आयर्न माझ्या हातात दिलं. "घाई केलीस तर ट्रॅक उचलेल. कथिल वितळू दे, मगच पंप मार." लहानपणी दुकानात बसून शिकलेलं हातांना आठवत होतं. लेक टॉर्च धरून उभी. गोल पिनांचं चांगलं सॉकेट बसवायला आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या.

शेवटी तपासणी. मीटर कंटिन्युइटीवर टाकला. एकेका पिनेवर मी टोक ठेवायचो, अण्णा डोळे मिटून बीप ऐकायचे. "सतरा परत लाव." मला ऐकू आलं नव्हतं, पण त्यांना तो बीप किंचित अडखळलेला वाटला. सतरावी पिन पुन्हा सोल्डर केली. चाळीस पिना, चाळीस बीप. नात मोजत होती, तीही मराठीत!

किट बसवलं. मेनू आला आणि राहिला.

तिकिटाचा विषय परत निघाला नाही. पुढं एका ओळखीच्यांनी बंद पडलेला इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणून दिला. मग कोणाचा जुना अँप्लिफायर, कोणाची तबला मशीन. मार्चपर्यंत बेसमेंटच्या टेबलावर एका वेळी तीन-चार रोगी असायचेच. पोरं खाली पॅकमॅन खेळायची, बाजूला अण्णा भिंगातून बघत 'हे धर, ते दे' करायचे. ठरल्या तारखेलाच गेले, एक दिवसही आधी नाही.

परवा मशीनची धूळ काढायला मागचं दार उघडलं. दुकानात दुरुस्त झालेल्या प्रत्येक सेटच्या आत ते लिहीत, तसंच इथंही प्लायवूडवर पेन्सिलनं लिहिलेलं दिसलं : '9-12-2023. सॉकेट बदलले. 5.02 व्होल्ट.' आणि खाली आम्हा तिघांची नावं. पहिलं नाव टॉर्चवालीचं.