भाऊबीजेचा एक तास

दिवाळी तोंडावर आली की घराघरांत एक प्रश्न हमखास निघतो. कुणाला काय द्यायचं? क्रिकेटवेड्याला बॅट दिली की काम झालं. लहान बाळाला खुळखुळा चालतो. पण घरात एखादा पुस्तकातला किडा असला, नाहीतर दिसेल त्या कागदावर चित्रं काढणारं कुणी असलं, की सगळ्यांची पंचाईत! आमच्या घरात तर हे दोन्ही गुण एकाच डोक्यात होते. ते डोकं माझ्या ताईचं.

आमचं गाव लोणी भापकर. तालुका बारामती. पण बारामती म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जो हिरवागार ऊस उभा राहतो ना, तो कालव्याच्या भागातला. आमचा पट्टा जिरायती. माझ्या लहानपणी पाऊस पडला तर बाजरी, ज्वारी, मटकी. नाही पडला तर आभाळाकडे बघत बसायचं. पुस्तकांचं दुकान म्हणाल तर थेट बारामतीला. त्यामुळे ताई वाचायची काय? तर वाण्याच्या पुड्या! साखरेची पुडी सोडली की साखर डब्यात आणि कागद ताईच्या हातात. एकदा शेंगदाण्याच्या पुडीवर एक भुताची गोष्ट अर्धीच निघाली. ताईनं मला लगेच आणखी छटाकभर शेंगदाणे आणायला पिटाळलं, म्हणे उरलेलं भूत पुढच्या पुडीत असेल. पुढच्या पुडीत सिमेंटची जाहिरात निघाली. शेंगदाणे मात्र मी वाटेतच संपवले.

चित्रांचंही तसंच. चुलीतला कोळसा घेऊन ती परड्यातल्या भिंतीवर बैल काढायची. आई ओरडायची, आजी म्हणायची, "राहू दे गं, खरा बैल परवडत न्हाई, भितीवरला तरी असू दे."

मी सातवीत आणि ताई नववीत असतानाची ही गोष्ट. दरवर्षी भाऊबीजेला आबा मला दहाची नोट द्यायचे, मी ती ताईच्या ताटात टाकायचो आणि संध्याकाळी ती नोट आईच्या डब्यात जायची. म्हणजे घरातले पैसे घरात! त्या वर्षी मी ठरवलं की आपण स्वतःच्या कमाईतून ओवाळणी घालायची. मामाच्या गावी जाऊन भुईमुगाच्या शेंगा तोडल्या होत्या, त्याचे बावीस रुपये साठले होते. आबांबरोबर बाजाराला गेलो आणि ताईसाठी एक वस्तू घेतली. प्लॅस्टिकचा निळा मोर! त्याचा पिसारा पोकळ, त्यात पेनं उभी करून ठेवायची. पुस्तकी माणसाला याहून चांगलं काय देणार, असं मला मनापासून वाटलं.

ताईनं ओवाळलं. मी ऐटीत मोर ताटात ठेवला. ती म्हणाली, "छान आहे रे." मग तिनं दप्तरातून पेन काढून पिसाऱ्यात उभं केलं. एकच. कारण तिच्याकडे पेनच एक होतं! बाकीचा पिसारा रिकामा. थोड्या वेळानं तिला अभ्यासाला पेन लागलं, तेव्हा तेही काढून घेतलं. मोर फळीवर तसाच उभा राहिला आणि मी त्याच्याकडे बघत राहिलो.

रात्री मी तिला विचारलं, "तुला खरं काय पाहिजे होतं?"

ती कंदिलाची वात वर करत होती. तिनं वर न बघताच सांगितलं, "एक तास."

मला वाटलं ती चेष्टा करतेय. पण तिनं बोटांवर हिशेब करून दाखवला. त्या साली परतीच्या पावसानंही पाठ फिरवली होती. गावातल्या विहिरींनी दिवाळीतच तळ दाखवला. पाणी आणायचं ते लांबच्या मळ्यातल्या विहिरीवरून, डोक्यावर घागर घेऊन. सकाळी चार खेपा, संध्याकाळी तीन. मग भाकरी, भांडी, शेणकूर. चित्रकलेची एलिमेंटरीची परीक्षा द्यायची तिच्या मनात होतं. वस्तुचित्र, स्मरणचित्र, नक्षीकाम असे पेपर असतात हे तिला पाठ होतं. पण उजेड असेपर्यंत पाणी आणि अंधार पडल्यावर झोप! आणि एक गोष्ट तिनं सांगितली नाही, पण मी ऐकली होती. आबा आईला म्हणत होते, "नववी होऊ दे, मग बघू. घरात हात कमी पडत्यात."

मी वहीचं पान फाडलं आणि त्यावर लिहिलं: 'संध्याकाळचं पाणी मी आणीन. शिमग्यापर्यंत.' खाली सही केली आणि ते पान मोराच्या पिसाऱ्यात खोचून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आजीकडे चुंबळ मागितली तर ती हसून हसून खोकायला लागली. मी घागर डोक्यावर घेतली आणि चार पावलांत अंघोळ झाली. मग माझं लक्ष गेलं ते भिंतीला टेकून उभ्या असलेल्या आबांच्या सायकलीकडे. सकाळी आबा तिला दुधाच्या दोन किटल्या अडकवून डेअरीला जायचे, आणि नंतर दिवसभर ती तशीच उभी असायची. मी किटल्यांच्या जागी प्लॅस्टिकचे दोन कॅन अडकवले. ताई तीन खेपांत आणायची तेवढं पाणी मी एका खेपेत आणलं. वेळ लागला पाऊण तास, तोही चढाला ढकलत न्यावं लागलं म्हणून.

मित्रांनो, मला त्या दिवशी शाबासकी मिळायला हवी होती असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण आजी कॅनकडे बघत हळूच म्हणाली, "सायकल इतकी वर्सं हितंच हुती की रं." बस्स, एवढंच. ताईला कुणी सायकल शिकवली नव्हती, आणि मला कुणी पाणी सांगितलं नव्हतं.

पोरांनी चिडवायचं ते चिडवलंच. "पाणक्या आला, पाणक्या!" मी काही मोठा धीराचा नव्हतो. क्रिकेटचा सामना रंगात आला की दोन-तीनदा मी दांडी मारली. घरी येऊन बघतो तर हंडा भरलेला, आणि ताई काही न बोलता भाकरी थापतेय. तिनं एकदा जरी भांडण केलं असतं ना, तर मला बरं वाटलं असतं!

पण बाकीचे तास तिला मिळाले. त्यांचं तिनं काय केलं? आमच्या गावात मल्लिकार्जुनाचं जुनं देऊळ आहे, यादवकाळातलं. जवळच दगडी पायऱ्यांची पुष्करणी आहे. आणि तिथला यज्ञवराह! वराह म्हणजे विष्णूच्या दहा अवतारांतला तिसरा. बऱ्याच ठिकाणी तो माणसाचं अंग आणि वराहाचं तोंड असा दाखवतात, पण यज्ञवराह म्हणजे चार पायांवर उभा असलेला अख्खा प्राणी. आमच्या वराहाच्या अंगावर लहान लहान मूर्ती कोरलेल्या आहेत. आम्ही पोरं तिथे लपाछपी खेळायचो. ताई तिथे कागद घेऊन बसायला लागली. आधी नुसतं बघायची. मग त्या मूर्ती मोजायची. रोज आकडा वेगळा यायचा, म्हणून रोज पुन्हा मोजायची. मग पाय, मग मान, मग मुस्कट. एका तासात एवढंच.

चित्र पुरं झालं तेव्हा ते आबांच्या हाती लागलं. आबांनी ते दारात नेऊन उजेडात धरलं, आणि म्हणाले, "वराहाचा पाय एवढा आखूड न्हाई." ताई म्हणाली, "आखूडच आहे." आबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी डेअरीहून येताना ते देवळाकडे वळले. घरी आल्यावर सायकल लावली, टोपी झटकली आणि म्हणाले, "आखूडच हाय."

एलिमेंटरीला ताईला 'ब' श्रेणी मिळाली. तिच्या मते नक्षीकामात मार्क गेले, कारण ब्रशचे केस गळत होते. जूनमध्ये आबा बारामतीला गेले आणि दहावीची पुस्तकं घेऊन आले. कुणी काही बोललं नाही. हात कमी पडायचे ते पडतच राहिले. पण आता सायकलीवर एक दिवस मी आणि एक दिवस ताई असायची.

तेव्हापासून पुस्तकवेड्यांना आणि चित्रवेड्यांना काय द्यावं या बाबतीत मी घरातला तज्ज्ञ समजला जातो. माझं पहिलं मत असं की त्यांना मोर देऊ नका! म्हणजे पुस्तकाच्या आकाराचं घड्याळ नको, 'वाचाल तर वाचाल' लिहिलेली फ्रेम नको. वाचणाऱ्याला वाचायलाच द्या. दिवाळी अंकासारखी सोयीची भेट दुसरी नाही. ही चाल आपल्याकडे 1909 सालापासूनची. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी त्यांच्या 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक तेव्हा काढला. एका अंकात गोष्टी, कविता, चित्रं सगळं असतं, त्यामुळे घरातल्या प्रत्येकाला काही ना काही सापडतंच. (आमच्याकडे आधी आजीला. तिला वाचता येत नसे, पण व्यंगचित्रं तिलाच पहिल्यांदा बघायची असत.) मासिकाची वर्षाची वर्गणी भरली तर आणखी मजा, कारण ती भेट वर्षभर येत राहते. बालभारतीचं 'किशोर' 1971 पासून निघतंय, आणि त्याचे जुने अंक आता इंटरनेटवर वाचायला ठेवलेले आहेत. म्हणजे खिशात एक रुपया नसला तरी तुमच्या आईबाबांच्या लहानपणीचा अंक शोधून त्यांना भेट देता येतो!

चित्रं काढणाऱ्यासाठी चोवीस रंगांची मोठी पेटी घ्यायचा मोह होतो. त्यातले अठरा रंग तसेच वाळून जातात हो! त्यापेक्षा दोन-तीन चांगल्या पेन्सिली द्या. पेन्सिलीत शिसं नसतं हे तुम्हाला माहीत असेलच, ग्रॅफाइट आणि माती असते. माती जास्त घातली की टोक कडक आणि रेघ फिकट, ती एचची पेन्सिल. माती कमी असली की मऊ आणि गडद, ती बीची. दोन्ही हाताशी असल्या की वराहाच्या पाठीवरचं ऊन आणि पोटाखालची सावली दोन्ही जमतात. आणि कागद द्या, भरपूर द्या. ताईला आजीनं एकदा जुन्या वह्यांतली उरलेली कोरी पानं काढून गोधडीच्या दोऱ्यानं वही शिवून दिली होती. पानं लहानमोठी, ओळी आडव्यातिडव्या. ताईनं तिच्यावर चित्र बिघडेल अशी भीती कधीच बाळगली नाही. बाजारातली देखणी वही मात्र तिनं वर्षभर कोरीच ठेवली, खराब होईल म्हणून.

पालकांसाठी एक सांगतो. मुलांना घेऊन एखादा दिवस भिलारला जा. सातारा जिल्ह्यात, पाचगणी–महाबळेश्वरच्या वाटेवरचं हे स्ट्रॉबेरीचं गाव 4 मे 2017 रोजी पुस्तकांचं गाव झालं. लोकांच्या घरांत पुस्तकं मांडलेली आहेत. जायचं, बसायचं, वाचायचं. पण मुलं वाचत असताना "चला, उशीर होतोय" म्हणायचं नाही. ते जमणार नसेल तर नुसत्या स्ट्रॉबेऱ्या खाऊन या.

आणि पैसेच नसले तर? पंडित नेहरू 1930 साली नैनीच्या तुरुंगात होते. 26 ऑक्टोबरला त्यांच्या मुलीचा, इंदिरेचा, तेरावा वाढदिवस होता. तुरुंगातून भेटवस्तू कशी पाठवणार? म्हणून त्यांनी पत्र लिहिलं. मग पुढे जवळजवळ तीन वर्षं जगाच्या इतिहासावर लिहितच राहिले, आणि त्याचा जाडजूड ग्रंथ झाला. आपले साने गुरुजीही त्यांच्या पुतणीला, सुधाला, अशीच पत्रं लिहायचे. तीही पुढे पुस्तकरूपानं आली. आपल्याला एवढं कुठलं जमायला! पण एक पान तर जमेल. मी माझं वहीचं पान लिहिलं तेव्हा त्यात दोन ओळी आणि एक शुद्धलेखनाची चूक होती. ताईनं ती चूक लाल पेननं दुरुस्त करून ठेवलीय. पान अजून आहे.

ताई आता सासवडला असते. घर, नोकरी, दोन मुलं, सासूबाई. गेल्या भाऊबीजेला निघायच्या आधी मी फोन करून विचारलं, "काय आणू?" मला वाटलं एखाद्या कादंबरीचं नाव सांगेल. ती म्हणाली, "काही नको आणूस. आलास की या सगळ्यांना घेऊन दोन तास कुठंतरी जा."

ओवाळून झाल्यावर मी दोन्ही भाचरं आणि ताईच्या सासूबाई यांना घेऊन संगमेश्वराच्या देवळात गेलो. पोरं कऱ्हेच्या काठावर खडे मारत बसली. सासूबाई पायरीवर टेकल्या आणि त्यांनी मला त्यांच्या माहेरची सगळी हकीकत सांगितली. मी घड्याळ बघून बरोबर दोन तासांनी सगळ्यांना परत आणलं.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत ताई पुस्तक छातीवर उघडं ठेवून गाढ झोपली होती. पान होतं तिसरं. धाकटा भाचा "आई" म्हणून ओरडणार, तेवढ्यात सासूबाईंनीच त्याच्या तोंडावर हात ठेवला, आणि आम्ही चौघंही चपला हातात घेऊन पुन्हा जिन्यात जाऊन बसलो.