मरजीनाच्या हातातला खडू

डिसेंबर आला की आमच्या शाळेत सहलीचं वारं सुटतं. शाळा उर्दू माध्यमाची, तालुक्याच्या गावातली. मी तिथं उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. इतकी वर्षं सहल म्हणजे एखादा किल्ला, वाटेत एखादं धरण, दुपारी डबा. यंदा मुलांनी हट्टच धरला, खोपोलीला इमॅजिकाला जायचं. माणशी तेराशे रुपये. पैसे गोळा करायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे.

एक वडील आले. मुलगा नववीत, मुलगी आठवीत. खिशातून घडी घातलेल्या नोटा काढून त्यांनी टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, "टीचर, एकही का नाम लिखो. लडके का." मी पावती फाडली. मुलगी दाराशी उभी होती. तिचे नंतर द्या, थोडे थोडे करून द्या, एवढं मी म्हणू शकले असते. म्हटलं नाही. मागं आणखी चार पालक उभे होते, यापलीकडे काही कारण नव्हतं.

पहाटे एसटी निघाली. छत्तीस मुलं, आम्ही तीन शिक्षक.

इमॅजिका २०१३ साली सुरू झालं. तिथं 'मिस्टर इंडिया'वर बेतलेली एक राइड आहे. १९८७ चा शेखर कपूरचा तो सिनेमा, सलीम-जावेद जोडीनं लिहिलेला. आम्ही तो शेजाऱ्यांकडे दाटीवाटीनं बसून पाहिला होता आणि पुढचं वर्षभर गल्लीतला प्रत्येक मुलगा मोगॅम्बो होऊन फिरत होता. माझ्या वर्गातल्या मुलांना मात्र मोगॅम्बो कोण ते सांगावं लागलं. सिनेमा न पाहिलेली मुलं सिनेमाच्या राइडमध्ये बसली, खुर्च्या हलल्या तशी ओरडली आणि खूश होऊन बाहेर आली. मला जरा विचित्र वाटलं. गोष्ट गेली आणि तिचे धक्के उरले.

घरी आल्यावर मी या प्रकाराचं मूळ शोधत बसले. शिक्षकाची खोड. तर ज्या वर्षी आपल्याकडे 'मिस्टर इंडिया' लागला, त्याच वर्षी जानेवारीत कॅलिफोर्नियाच्या डिस्नीलँडमध्ये 'स्टार टूर्स' सुरू झाली. 'स्टार वॉर्स' सिनेमांवरची ही राइड. यंत्र मुळात विमानचालकांना जमिनीवर बसून उड्डाण शिकवण्यासाठी बनवलेलं. खोली जागच्या जागी कलते, डुलते, समोरच्या पडद्यावरचं चित्र त्याच तालात पळतं आणि आपल्या कानातल्या तोलाची फसगत होते. चार फूटही न सरकता माणूस अंतराळात जाऊन येतो. १९९१ मध्ये फ्लोरिडाच्या युनिव्हर्सल स्टुडिओत 'बॅक टु द फ्यूचर' आली, १९९९ मध्ये स्पायडरमॅन, २०१० मध्ये हॅरी पॉटर. त्यात तर कारखान्यात वापरतात तसला यंत्रमानवाचा हात खुर्ची उचलून फिरवतो.

या सगळ्या राइडींची गोष्ट बघितली तर एकच आहे. तुम्ही साधे पाहुणे म्हणून आत जाता आणि काहीतरी बिघडतं. 'स्टार टूर्स'मध्ये चालक नवशिका निघतो, 'बॅक टु द फ्यूचर'मध्ये गाडी चोरीला जाते. पाच मिनिटांत गोष्ट बसवायची तर दुसरं करणार काय? सिनेमात दोन-अडीच तास असतात. तिथं नायक कसा घडला, कुणामुळे वाचला, कशाला घाबरला, हे सगळं मावतं. राइडमध्ये तुम्हाला फक्त बसायला जागा मिळते. हातात काही दिलंच तर बहुतेक वेळा बंदूक.

त्याच दिवशी आम्ही 'अलीबाबा आणि चाळीस चोर'मध्येही बसलो. अंधारातून गाडी जाते, हातात प्रकाशाची बंदूक, चोर दिसला की झाडायची, पॉइंट मिळतात. मुलांची ही सगळ्यात आवडती राइड. परतीच्या वाटेवर लोणावळ्यापर्यंत एसटीत पॉइंटांचाच हिशेब चालला होता. कुणाचे चार हजार, कुणाचे पाच. मीही नेम धरला होता, खोटं कशाला बोलू. दाढी-फेटा दिसला की बोट आपोआप दाबलं जात होतं. नंतर गाडीत बसल्यावर त्या बोटाकडे थोडा वेळ बघत राहिले.

सोमवारी मराठीच्या तासाला विषय दिला: 'माझा सहलीचा अनुभव'. दहा गुण. जे आले नव्हते त्यांनी काय लिहायचं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मुलांनी ते आपसात ठरवलं. कुणी मामाच्या गावचं लिहिलं, कुणी दोन वर्षांपूर्वीची सहल लिहिली. दाराशी उभी राहिलेल्या त्या मुलीनं इमॅजिकाचंच लिहिलं.

तिच्या मराठीत चुका भरपूर होत्या. 'माझा बहीण', 'मोठा गाडी'. उर्दूतून मराठीत येणाऱ्या मुलांना लिंग छळतंच. पण मी लाल पेन हातात धरून बसले आणि पेन चालेना. तिनं लिहिलं होतं की ती अलीबाबाच्या राइडमध्ये बसली. सगळ्यांना बंदूक दिली. तिला खडू दिला, कारण ती मरजीना होती. चोरांनी अलीबाबाच्या दारावर खडूनं खूण केली होती. ती गाडीतून उतरली आणि गल्लीतल्या प्रत्येक दारावर तशीच खूण करत गेली. रात्री चोर आले आणि त्यांना कळेना की घर कुठलं.

मरजीना ही अलीबाबाच्या घरातली दासी. खरं पाहता ती गोष्ट तिचीच. दारं ती ओळखते, तेलाच्या मडक्यांत लपलेले चोर ती शोधते, शेवटी नाचता नाचता सरदाराला तीच मारते. अलीबाबा बराच वेळ झोपलेला असतो. १९८० च्या भारत-सोव्हिएत सिनेमात धर्मेंद्र अलीबाबा होता आणि हेमा मालिनी मरजीना. त्या मुलीनं हा सिनेमा पाहिलेला नव्हता. तिला गोष्ट तिच्या नानीनं सांगितली होती.

दारावरची खूण म्हटलं की आमच्या पिढीतल्या लोकांना दुसरंही काही आठवतं. पण त्या पोरीनं तसलं काही मनात धरून लिहिलं नव्हतं. तिला युक्ती आवडली होती, एवढंच.

मी निबंध वर्गात वाचून दाखवायला घेतला. तिसऱ्या ओळीला मागच्या बाकावरून आवाज: "टीचर, ये तो आईच नहीं थी! झूट लिखी!" सगळे हसले. तिनं मान खाली घातली. आता दहापैकी किती द्यायचे? अनुभवलेखनात अनुभव खरा हवा, हे मीच शिकवलेलं. बीएडला आम्हालाही हेच शिकवलं होतं. मी तास संपल्याचं निमित्त करून वही मिटली. नेमकी त्याच वेळी मिटायला नको होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

त्याच आठवड्यात पुण्यात बहिणीकडे गेले होते. भाच्यानं मॉलमध्ये नेलं. तिथं एका कोपऱ्यात तो डोळ्यांवर चढवायचा चष्मा, व्हीआरचा. माझ्या डोक्याला स्कार्फ, तेव्हा तो चालवणारा मुलगा जरा गडबडला. मी म्हटलं, वरूनच लाव रे बाळा, केसांपेक्षा घट्ट बसेल. बसला. पुढची पाच मिनिटं मी एका किल्ल्याच्या तटावर होते. खाली पाहिलं तर पोटात गोळा. पायाखाली मॉलची फरशी आहे हे डोक्याला ठाऊक होतं, पायांना नव्हतं. शेवटी त्या मुलानं खांद्यावर हात ठेवला तेव्हा जमीन परत आली.

व्हीआरला मराठीत आभासी वास्तव म्हणतात. उर्दूत 'मजाजी हकीकत'. उर्दू शिकवणाऱ्याला हा शब्द ऐकून हसू येतं, कारण आमच्या शायरीत मजाजी आणि हकीकी ही दोन टोकं. एक या दुनियेतलं प्रेम, दुसरं खुदाचं. शेकडो वर्षं ज्यांना वेगळं ठेवलं, त्यांना कुणीतरी एका चष्म्यात बसवलं. माझ्या मते याहून चांगला शब्द आमच्याकडे आधीच होता: तिलिस्म. लखनौच्या नवल किशोर छापखान्यानं १८८३ पासून पुढं 'दास्तान-ए-अमीर हमजा'चे शेहेचाळीस जाडजूड खंड काढले, त्यातलाच 'तिलिस्म-ए-होशरुबा'. जादूगारानं रचलेली दुनिया. आत शिरलात की तिथलंच आकाश, तिथलीच शहरं, आणि बाहेरची वाट बंद. सुटायचं असेल तर 'लौह' लागते, म्हणजे एक पाटी, जिच्यावर पुढं काय करायचं ते उमटतं. माझी लौह म्हणजे तो खांद्यावरचा हात.

मात्र एक फरक आहे. दास्तान ऐकायला सगळे एकत्र बसायचे. दिल्लीचे मीर बाकर अली १९२८ मध्ये वारले, जुन्या परंपरेतले ते शेवटचे दास्तानगो मानले जातात. तिलिस्म त्यांच्या आवाजात होता आणि शेजारी बसलेला माणूस दिसत असायचा. चष्म्यात मला भाचाही दिसत नव्हता.

सिनेमाची गोष्ट चष्म्यात घालायचा पहिला मोठा प्रयोग झाला तोही अलिफ लैलाच्याच घराण्यातल्या गोष्टीवर. डिस्नीचा 'अलादिन' १९९२ चा. १९९४ मध्ये फ्लोरिडाच्या एप्कॉटमध्ये त्याची व्हीआर राइड लोकांवर आजमावून पाहिली गेली. मोटारसायकलसारख्या आसनावर बसायचं, गालिचा हाकायचा, डोक्यावर जड यंत्र. त्या यंत्राखाली स्वच्छतेसाठी प्रत्येकाला वेगळी टोपी घालत, हे वाचून मला माझा स्कार्फ आठवला. सुमारे ४५ हजार लोक त्यात बसले. रँडी पॉश हे संगणकाचे प्राध्यापक त्या कामात होते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये जे लिहिलं ते कुठल्याही मास्तरला पटेल: चारी दिशांना दुनिया उभी केली तरी लोक मान फारशी वळवत नाहीत. आणि आधी थोडी पार्श्वभूमी सांगून काहीतरी काम दिलं नाही, तर त्यांना करायचं काय ते कळत नाही. म्हणजे चष्मा चढवण्यापूर्वी कुणीतरी गोष्ट सांगावीच लागते. पुढं ही राइड १९९८ मध्ये ऑर्लँडोच्या 'डिस्नीक्वेस्ट'मध्ये गेली; ते ठिकाण २०१७ मध्ये बंद झालं. त्याच वर्षी 'स्टार वॉर्स'ची एक चालत फिरायची व्हीआर आली. चष्म्यात दिसणारी भिंत हाताला खरोखर लागायची, लाव्ह्याजवळ अंगाला ऊब यायची. ती चालवणारी केंद्रं २०२० मध्ये कोविडात बंद पडली.

'अलादिन'च्या सिनेमाबद्दलही एक आठवण ठेवावी. त्याच्या सुरुवातीच्या गाण्यात अरबांच्या मुलखात कान कापतात अशा अर्थाचे शब्द होते. अमेरिकेतल्या अरबांच्या संघटनेनं हरकत घेतली आणि १९९३ मध्ये घरगुती कॅसेट आली तेव्हा ती ओळ बदललेली होती. गाणं बदलता येतं. लोकांना आत बसवून, फिरवून, बंदूक चालवायला लावून जे बोटात उतरतं ते कसं बदलायचं?

आणि अलादिन, अलीबाबा या गोष्टी तरी कुठून आल्या? अलिफ लैलाच्या जुन्या अरबी हस्तलिखितांत त्या नाहीत. हन्ना दियाब नावाचा हलबचा, म्हणजे आजच्या अलेप्पोचा, एक ख्रिस्ती तरुण १७०९ मध्ये पॅरिसला होता. त्यानं त्या आंत्वान गालाँ या भाषांतरकाराला तोंडी सांगितल्या. गालाँनं रोजनिशीत टिपून घेतल्या आणि पुढं ग्रंथात घातल्या. ग्रंथात हन्नाचं नाव आलं नाही. त्याचं स्वतःचं प्रवासवर्णन व्हॅटिकनच्या ग्रंथालयात पडून होतं, गेल्या काही वर्षांतच ते छापून आलं. ज्यानं गोष्ट सांगितली तो दाराबाहेरच उभा राहिला. हे वाचत होते तेव्हा रात्रीचा एक वाजला होता, आणि मला आमच्या वर्गाचं दार दिसत होतं.

शनिवारी मी वही पुन्हा उघडली. वर्गाला सांगितलं, सोमवारी निबंध अर्धा राहिला होता. ज्यानं 'झूट' म्हटलं होतं त्याला विचारलं, तू राइडमध्ये बसलास, मरजीना कुठं भेटली? तो विचारात पडला. म्हणाला, "टीचर, अंधेरा था, मैं पॉइंट गिन रहा था." इतरांना विचारलं. कुणालाच ती आठवेना. मलाही आठवेना, आणि तसं मी कबूल केलं.

मग त्या मुलीला पुढं बोलावलं. वाचू नकोस म्हटलं, सांग. आधी आवाज फुटेना. मग नानीची भाषा आली, मराठीत अर्धी, दखनीत अर्धी. कासिम गुहेत अडकला, त्याचे तुकडे झाले, डोळ्यांवर पट्टी बांधून मोच्याला आणलं, त्यानं प्रेत शिवलं. पहिल्या बाकावरची पोरं पुढं सरकली. खडूच्या जागी ती फळ्याकडे वळली, खडू उचलला आणि वर्गाच्या दारावर एक फुली मारली. मग खिडकीवर, कपाटावर, माझ्या टेबलावरही. मी काही बोलले नाही. शिपाई मामा बोलणार होते, ते नंतर बोललेच.

दहापैकी नऊ दिले. एक गुण लिंगाच्या चुकांचा. तिच्या वडिलांकडे अजून गेलेले नाही. पुढच्या डिसेंबराआधी जायचं आहे, आणि या वेळी वही नव्हे, पावतीपुस्तक घेऊन.

त्या दिवशी घंटा झाली तेव्हा ती सदतीस मडक्यांपाशी पोचली होती. कुणी उठेना. पाच हजार पॉइंटवाला पोरगा हात वर करून उभा राहिला आणि त्यानं विचारलं, "पर इत्ता तेल गरम कहाँ की?"