निखळलेले भिंग

‘नीट ऐका’ असे मुलांना सांगण्यात आमची तीस वर्षे गेली. घरात मात्र आम्ही स्वतः किती ऐकतो, याची परीक्षा २०२३ च्या श्रावणात झाली आणि तीत आम्ही नापास झालो, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे.

आमच्या मातोश्रींचे वय तेव्हा ७९. २०११ साली उजव्या आणि २०१३ साली डाव्या डोळ्यातील मोतीबिंदू काढून कृत्रिम भिंगे बसविलेली. त्यांच्या आधारे रोजची पोथी, इंदूरचे हिंदी वर्तमानपत्र आणि दिवाळीला बडोद्याहून येणारे मावशींचे पत्र, असे त्यांचे वाचन सुखाने चालले होते. त्या वर्षी आषाढापासून त्या अधूनमधून म्हणत, “अरे, समईची एक ज्योत मला दोन दिसते. डावा डोळा झाकला तरी दोनच!” आम्ही शाळेच्या प्रवेशयाद्यांत बुडालेलो. “आई, वय झालं आता. चष्म्याचा नंबर बदलला असेल,” एवढे बोलून आम्ही मोकळे झालो.

श्रावणातल्या एका सकाळी तुळशीपुढे रांगोळी घालण्यास त्या वाकल्या आणि उठून पाहतात तो उजव्या डोळ्यापुढे सारे धुके. त्याच दिवशी आम्ही त्यांना नेत्रतज्ज्ञ बाईंकडे नेले. बाहुली मोठी करणारे थेंब घालून त्यांनी बराच वेळ पाहिले आणि सांगितले, “माताजी, लेंस अंदर गिर गया है।” मातोश्री शांतपणे उत्तरल्या, “गिर गया तो उठा लो, बेटी।” आमच्या पायांखालची जमीन मात्र सरकली होती.

डोळ्यातील नैसर्गिक भिंग एका पारदर्शक पिशवीत असते आणि ती पिशवी सभोवतालच्या सूक्ष्म तंतूंनी टांगलेली असते. मोतीबिंदू काढताना पिशवी राखून तीतच कृत्रिम भिंग ठेवतात. मातोश्रींच्या बाहुलीच्या कडेला डॉक्टरांना कोंड्यासारखे पांढरे कण दिसले. या विकारात ते तंतू हळूहळू दुर्बळ होतात आणि शस्त्रक्रिया उत्तम झालेली असूनही वर्षांनंतर पिशवीसकट भिंग ढळते. डोळ्यास मार बसल्यास किंवा लघुदृष्टीचा नंबर फार मोठा असल्यासही असे घडू शकते. ज्योती दोन दिसत होत्या, कारण सरकलेल्या भिंगाची कड बाहुलीच्या मध्यावर आली होती. काही प्रकाश भिंगातून जाई, काही त्याच्या बाहेरून. मातोश्री महिनाभर आम्हांस रोगाचे अचूक लक्षण सांगत होत्या!

डॉक्टरांनी चाचणीच्या चौकटीत १० नंबरचे जाड बहिर्गोल भिंग घातले आणि मातोश्रींनी तक्त्याच्या चार ओळी वाचल्या. म्हणजे आतला पडदा शाबूत होता. आमच्या आजी मोतीबिंदूनंतर असाच जाड चष्मा लावीत. “मग तोच का नको?” असे आम्ही विचारले. त्या चष्म्यातून वस्तू सुमारे पाव पटीने मोठी दिसते. दुसऱ्या डोळ्यात भिंग जागेवर असता दोन्ही प्रतिमांचा मेळ बसत नाही, असे उत्तर मिळाले.

सुश्रुतसंहितेतील मोतीबिंदूच्या उपचारात गढूळ भिंग मुद्दाम मार्गातून दूर ढकलीत. लंडनच्या हॅरॉल्ड रिड्ले यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी पहिले कृत्रिम भिंग बसविले. त्यांच्या आरंभीच्या भिंगांतीलही काही निसटलीच. म्हणजे ही अडचण त्या शोधाइतकीच जुनी. तिच्यावरचे उपाय मात्र वाढत गेले. भिंग थोडेसेच सरकले असेल तर नुसते लक्ष ठेवतात. कधी तेच भिंग बुबुळाच्या पांढऱ्या भित्तीस टाक्याने बांधतात, कधी ते काढून बुबुळाच्या रंगीत पडद्यास चिमटीने धरणारे दुसरे बसवितात. चेन्नईचे डॉ. अमर अगरवाल यांनी २००७ मध्ये भिंगाचे बाहू पांढऱ्या भित्तीत खोचून जैविक गोंदाने चिकटविण्याची रीत सुरू केली. जपानचे डॉ. शिन यामाने यांनी बाहूंची टोके उष्णतेने वितळवून बोंडासारखी करण्याची रीत २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. तीत टाकाही नको, गोंदही नको.

मातोश्रींसाठी हीच रीत ठरली. पडदा सुटणे, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, दाब वाढणे असे सारे धोके डॉक्टरांनी आधी स्पष्ट सांगितले. संमतिपत्रावर मातोश्रींनी स्वतः, अंदाजाने का होईना, मराठीत सही केली. जुन्या भिंगाचा प्रकार व नंबर डॉक्टरांना हवा होता. आम्ही ते कागद कधीच हरविले होते; मातोश्रींनी पोथीच्या रुमालातून २०११ चे कार्ड, भिंगाच्या चिठ्ठीसह, काढून दिले.

डोळा बधिर करून शस्त्रक्रिया दीड तास चालली. प्रथम आतील काचरस काढला, मग पाण्याहून जड असा द्रव घालून पडद्यावर पडलेले भिंग वर तरंगविले, ते बाहेर काढले आणि नवे बसविले. चार दिवस दाब वाढला, तो औषधाने उतरला. नजर स्थिरावण्यास दीड महिना लागला. आश्विनात चष्मा लावून त्यांनी समईपुढे उजवा डोळा उघडा ठेवला आणि म्हणाल्या, “एकच आहे रे.”

वाचकहो, मोतीबिंदू होऊन गेला म्हणजे डोळ्याचे प्रकरण संपले, असे समजू नये. एका डोळ्याने दोन दिसणे, अकस्मात धुके, चमका, काळा पडदा यांपैकी काही जाणवल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. भिंगाचे कार्ड जपून ठेवावे, डोळे चोळू नयेत.

मातोश्रींच्या डाव्या डोळ्यातही तसाच कोंडा आहे. त्या कोंड्याने काचबिंदूचाही धोका संभवतो, म्हणून दर सहा महिन्यांनी तपासणी असते. आणि त्या ‘अरे’ म्हणाल्या, की आम्ही हातातली यादी खाली ठेवतो.