साडेतेवीस लाख पिक्सेलच्या कॅमेऱ्यास अनावृत पत्र

प्रिय मित्रा,

हल्ली मोबाइलसुद्धा पाच कोटी, दहा कोटी पिक्सेलचे आकडे मिरवतात. तुझ्याकडे आहेत अवघे साडेतेवीस लाख. त्यातून तुला रंग दिसत नाहीत. तुला पडदा नाही, बॅटरी नाही, आणि लॅपटॉपला वायरने जोडल्याशिवाय तुझा काही उपयोग नाही. दुर्बिणीतून सूर्याचे फोटो काढायचे म्हणून कॅमेरा घ्यायला निघालेला माणूस तुझी किंमत ऐकतो आणि म्हणतो, एवढ्या पैशांत चांगला डीएसएलआर येईल की! त्याला हाताला धरून थांबवावंसं वाटतं. म्हणून हे पत्र तुझ्या नावाने, पण सगळ्यांनी वाचावं असं.

सोनीचा आयएमएक्स १७४ हा तुझ्या पोटातला सेन्सर. तो घडवला कारखान्यांसाठी, पट्ट्यावरून वेगाने सरकणारा माल तपासायला. त्या कामासाठी तुझ्यात जे गुण घातले, नेमके तेच सूर्याला लागतात. तू सेकंदाला शंभराहून जास्त फ्रेम टिपतोस आणि ग्लोबल शटरमुळे प्रत्येक फ्रेममधले सगळे पिक्सेल एकाच क्षणी उघडतात, एकाच क्षणी मिटतात.

सूर्याच्या फोटोत प्रकाशाची चणचण कधीच नसते. खरा शत्रू हवा. ऊन चढलं की गच्चीचा स्लॅब तापतो, वर जाणारी गरम हवा लाटा काढते आणि दुर्बिणीतली सूर्याची कड उकळत्या पाण्यासारखी थरथरते. या थरथरीत मधूनच एखादा क्षण असा येतो की सगळं स्थिर होतं, सौरडागाभोवतीचे तंतू सुटे सुटे दिसतात आणि पुन्हा चित्र विस्कटतं. तो क्षण सांगून येत नाही. म्हणून वीस सेकंदांत दोन हजार फ्रेम घ्यायच्या, त्यातल्या सर्वांत नेटक्या शंभर-दोनशे निवडायच्या आणि ऑटोस्टॅकर्टसारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने त्या एकावर एक रचायच्या. आठ बिटमध्ये घेतल्या तरी तुझ्या पूर्ण आकाराच्या दोन हजार फ्रेमना पावणेपाच जीबीच्या आसपास जागा लागते. त्यामुळे सोबतचा लॅपटॉपही वेगवान हवा, यूएसबी ३ आणि एसएसडीवाला. कॅमेऱ्याचा हिशेब करताना हा खर्च लोक धरत नाहीत.

आता रंगाचं. डीएसएलआरच्या सेन्सरवर लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरांची जाळी असते आणि दर चार पिक्सेलमागे लाल फक्त एक. हायड्रोजन-आल्फाचा प्रकाश ६५६.२८ नॅनोमीटरचा, गडद लाल. कडेवर उसळणाऱ्या ज्वाळा आणि तबकडीवरचे काळे तंतू या प्रकाशात दिसतात. तो टिपायला चारांतला एकच पिक्सेल उपयोगी पडतो, बाकीचे तिघे जवळजवळ रिकामे राहतात. शिवाय डीएसएलआरमधला अवरक्त अडवणारा फिल्टर याही लाल प्रकाशाला कात्री लावतो. तुझा मात्र एकूण एक पिक्सेल कामाला येतो. मासिकांत छापलेला केशरी, सोनेरी सूर्य बहुतेक वेळा काळ्यापांढऱ्या चित्राला नंतर रंग देऊन केलेला असतो.

काळ्यापांढऱ्या सूर्याची परंपरा आपल्याकडे मोठी आहे. कोडाईकनालच्या वेधशाळेत १९०४ पासून सूर्य टिपला जातो आहे, सुरुवातीला काचेच्या पट्ट्यांवर. त्याआधी पुण्यात, कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात, कावसजी नायगामवाला यांची महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा होती. १९१२ मध्ये ती बंद झाली आणि तिची उपकरणं कोडाईकनालला गेली. आज आदित्य-एल१ वरून अतिनील प्रकाशात सूर्य टिपणारी ‘सूट’ ही दुर्बीण पुण्याच्याच आयुकाने घडवली. गच्चीवर तुला दुर्बिणीमागे लावणारा हौशी माणूस याच वाटेवरचा आहे, असं मी मानतो.

तुझी बाजू मांडतो आहे, पण तू प्रत्येक दुर्बिणीचा सोबती नाहीस हेही सांगायला हवं. तुझा पिक्सेल ५.८६ मायक्रॉनचा. हायड्रोजन-आल्फात हा आकार एफ/१८ च्या आसपास उत्तम बसतो. हिशेब सोपा आहे: एफ-गुणोत्तराला तरंगलांबीने, म्हणजे मायक्रॉनमध्ये ०.६५६ ने, गुणायचं आणि निम्मं करायचं. येईल तो पिक्सेलचा आकार. ६० मिलिमीटर व्यासाची, ५०० मिलिमीटर फोकल लांबीची सौर दुर्बीण एफ/८.३ ची, तिला २.७ मायक्रॉन हवेत. तिथे तुझ्यापेक्षा २.४ मायक्रॉनचा आयएमएक्स १७८ सरस, त्याचं शटर तुझ्यासारखं नसलं तरी. सूर्याची तबकडी किती मोठी पडेल, हे काढायला फोकल लांबीला १०७ ने भागायचं. ५०० ला ती ४.७ मिलिमीटरची होते आणि आयएमएक्स १७८ च्या ५ मिलिमीटर उंचीत अख्खी मावते. याउलट डेस्टार क्वार्कसारखा फिल्टर प्रतिमा चार पटींहून मोठी करतो. एफ/७ ची दुर्बीण त्याने एफ/३० च्या घरात जाते आणि तिथे ९ मायक्रॉनचा आयएमएक्स ४३२ शोभतो. तुझी जागा या दोघांच्या मधली. ती मोठी आहे, पण ती सगळी नव्हे.

तुझ्या खोडीही सांगून टाकतो. अरुंद पट्ट्याच्या फिल्टरमागे तुला लावलं की पुष्कळदा पडद्यावर गडद-फिकट आडवे पट्टे उमटतात. ही न्यूटनची वलयं. सेन्सर आणि त्यावरची काच यांच्यात परावर्तित होणाऱ्या किरणांनी ती होतात. नवखा माणूस घाबरतो, कॅमेरा परत करायला निघतो. टिल्ट अडॅप्टर लावून तुला किंचित तिरकं केलं की पट्टे दाट होत होत दिसेनासे होतात. दुसरी खोडी धुळीची. काचेवरचा कण छोट्या सौरडागासारखा दिसतो. दुर्बीण जराशी हलवून पाहावी. सूर्याबरोबर सरकला तर तो डाग, जागीच राहिला तर धूळ. मग दुर्बिणीच्या तोंडावर पातळ पांढरी प्लॅस्टिकची पिशवी ताणून फ्लॅट फ्रेम घ्यावी, तिच्या आधारे धूळ चित्रातून काढता येते.

ज्याला फक्त पांढऱ्या प्रकाशातला अख्खा सूर्य, त्यावरचे डाग किंवा ग्रहण टिपायचं आहे, त्याने घरातला डीएसएलआर खुशाल वापरावा. त्याला तुझी गरज नाही.

शेवटची विनंती तुला नव्हे, तुला विकत घेणाऱ्याला. तुझा नंबर तिसरा. आधी फिल्टर, मग दुर्बीण, मग तू. साध्या दुर्बिणीला पांढऱ्या प्रकाशाचा फिल्टर पुढच्या तोंडावरच घट्ट बसवा, आयपीसच्या मागे कधीच नाही. बाडरच्या ॲस्ट्रोसोलर फिल्ममध्ये ५.० घनतेची, एक लाखांश प्रकाश सोडणारी फिल्म घ्या. ३.८ ची फिल्म फक्त कॅमेऱ्यासाठी असते, तिच्यातून डोळ्याने पाहायचं नाही. शोधक दुर्बीण काढून ठेवा किंवा झाका. आणि दुकानात जाण्याआधी आपल्या दुर्बिणीची फोकल लांबी आणि एफ-गुणोत्तर कागदावर लिहून न्या. विक्रेत्याने मेगापिक्सेल सांगायला सुरुवात केली की तो कागद त्याच्यापुढे ठेवा.

तुझा,
एक सूर्यनिरीक्षक